एका चिठ्ठीवर एकच गोष्ट

तारनाका म्हणजे हैदराबादेतली वाचणाऱ्यांची वस्ती. एका अंगाला 1918 साली स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठ, जवळच राष्ट्रीय पोषण संस्था, हबसीगुड्याच्या वाटेवर रसायन आणि जीवशास्त्राच्या मोठ्या प्रयोगशाळा. निजामाच्या काळात मराठवाड्यातली कितीतरी मुलं पुढच्या शिक्षणासाठी इथेच आली. आज इथल्या अभ्यासिकांत ग्रुप-वन या राज्यसेवा परीक्षेची, नेटची तयारी करणारी मुलं सकाळपासून जागा धरून बसतात. वाचायला त्यांना काही कमी नाही. फोनमध्ये पीडीएफचा ढीग, टेलिग्रामवरून उतरवलेल्या नोट्स, कात्रणांचे फोटो. अडतं ते उत्तर लिहायला बसल्यावर. कुठेतरी वाचलं होतं, एवढंच आठवतं आणि शोधण्यात संध्याकाळ जाते.

साठवलं की वाचल्याचं समाधान मिळतं, आणि घात तिथेच होतो. वाचलेल्यातून हवं तेवढं वेचायचं आणि पुढे ते कुठल्या नावाखाली शोधणार हे ठरवायचं, खरं काम ते.

या कामाचं भव्य रूप पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आहे. डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी 1948 मध्ये तिथे संस्कृतचा ऐतिहासिक कोश हाती घेतला. ऋग्वेदापासून पुढच्या सुमारे 1,500 ग्रंथांतून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या निघाल्या. चिठ्ठीवर एक शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य, ग्रंथाचं संक्षिप्त नाव आणि नेमकं स्थळ. चिठ्ठ्या अकारविल्हे लावलेल्या. एका शब्दाच्या सगळ्या चिठ्ठ्या काळानुसार मांडल्या, की त्याचा अर्थ शतकानुशतकं कसा सरकत गेला ते दिसतं. कोशाचा पहिला भाग छापून आला 1976 मध्ये. एकाने लिहिलेली चिठ्ठी अनेक वर्षांनी दुसऱ्याच्या हाती पडली तरी तिचं काम अडलं नाही, कारण तिच्यावर सगळं होतं. आपल्यालाही हेच लागतं. सहा महिन्यांनी आपलीच नोंद वाचताना आपण परकेच असतो.

हैदराबादचंच उदाहरण घ्या. मुसी नदीवरचा वीस पानी लेख हाती आला, तर बहुतेक जण तो ‘इतिहास’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकून मोकळे होतात. त्यातून एवढंच उतरवावं: 28 सप्टेंबर 1908 चा महापूर, त्यानंतर अभियंते विश्वेश्वरय्यांना पाचारण, पुढे उस्मानसागर 1920, हिमायतसागर 1927. खाली लेखाचं नाव आणि पान. आणि वर शीर्षक ‘पूरनियंत्रण’. प्रश्न भूगोलात येवो, नगररचनेत येवो की आपत्ती व्यवस्थापनात, चिठ्ठी सापडते. वाटल्यास ‘हैदराबाद’ या नावाखाली तिची दुसरी प्रत ठेवावी. एकाच विषयाला अनेक अंगं असतात, हे ओळखूनच ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी 1933 मध्ये आपली कोलन वर्गीकरण पद्धत मांडली होती.

जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलस लूमान यांची रीत वेगळी होती. त्यांच्या सुमारे 90,000 चिठ्ठ्या विषयवार नव्हत्या. प्रत्येकीला क्रमांक, आणि नवी चिठ्ठी ज्या जुन्या चिठ्ठीशी बोलते तिच्या मागे तिची फांदी. प्रबंध लिहिणाऱ्याला ही रीत फार उपयोगाची, कारण फांद्या वाढता वाढता प्रकरणं आकार घेतात. परीक्षेच्या अभ्यासाला मात्र शीर्षकांची जुनी पद्धतच बरी, असं माझं मत आहे.

साधन कुठलंही चालेल, पण नोंदी एकाच ॲपच्या हवाली करू नयेत. दुवे जपून ठेवण्याचं ‘पॉकेट’ हे लोकप्रिय ॲप जुलै 2025 मध्ये बंद झालं. नुसते दुवे ठेवणाऱ्यांना धावपळ करून यादी उतरवून घ्यावी लागली. पुठ्ठ्याची कार्डं किंवा साध्या मजकुराच्या फाइली यापेक्षा भरवशाच्या.

चिठ्ठी झाली की मूळ पीडीएफ फोनमधून काढून टाकायला हरकत नाही. संदर्भ नेमका लिहिलेला असेल, तर लागेल तेव्हा ते पान ग्रंथालयात पुन्हा काढता येतं.