डिस्कविना सर्व्हर: समज आणि वस्तुस्थिती

सर्व्हरमध्ये स्वतःची डिस्क न ठेवता त्याची कार्यप्रणाली नेटवर्कवरील दुसऱ्या यंत्राच्या साठ्यातून सुरू करणे, याला नेटवर्क-बूट म्हणतात. खालापूरपासून जवळच, पनवेल तालुक्यातील भोकरपाड्याला २०२० साली योट्टा या कंपनीचे डेटा सेंटर सुरू झाले असल्याने हे तंत्र अशा अवाढव्य ठिकाणीच शोभते असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कर्जतच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही दोन संगणक आणि एक स्विच एवढ्यावर ते उभे करता येते, आणि आयपीएक्सई हा मुक्त प्रोग्राम वापरल्यास महागडे कार्डही लागत नाही.

सर्वांत रुजलेला गैरसमज असा की, पीएक्सई म्हणजेच नेटवर्कवरील डिस्क. वास्तविक इंटेलने नव्वदच्या दशकात पुढे आणलेल्या या पद्धतीचे काम अगदी मर्यादित आहे: नेटवर्क कार्ड डीएचसीपी या पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून पत्ता व फाइलचे नाव मिळवते, टीएफटीपी या साध्या पद्धतीने ती छोटी फाइल उतरवून घेते आणि तिच्या हाती सूत्रे देऊन बाजूला होते. डिस्क मिळते ती त्यानंतर, बहुधा आयस्कझीमार्फत, म्हणजे डिस्कला द्यायच्या आज्ञा टीसीपी-आयपीवरून पाठवणाऱ्या, २००४ साली प्रमाणित झालेल्या पद्धतीने.

फर्मवेअरने, म्हणजे यंत्रातील मूळ प्रोग्रामने, जोडलेली ही डिस्क कार्यप्रणालीला आयती मिळते, हा समज अधिक फसवा आहे आणि बहुतेक मांडण्या याच टप्प्यावर अडतात. लिनक्सचा कर्नल सूत्रे हाती घेतो तेव्हा फर्मवेअरची जोडणी संपलेली असते. साठ्याचा पत्ता आणि नाव तेवढे आयबीएफटी नावाच्या तक्त्यात स्मृतीमध्ये ठेवलेले असते, आणि ते वाचून कर्नलच्या प्राथमिक फाइलसंचाला, अर्थात इनिटरॅमएफएसला, कार्ड पुन्हा जागे करून साठ्याकडे नव्याने लॉगिन करावे लागते, म्हणून कार्डाचा ड्रायव्हर आणि आयस्कझीची साधने त्या संचातच असावी लागतात. पुढे नेटवर्क सांभाळणाऱ्या सेवेने तेच कार्ड बंद करून पुन्हा मांडायला घेतले, तर बसल्या फांदीवर कुऱ्हाड पडते.

एकच आयस्कझी डिस्क अनेक सर्व्हरना सरसकट वाटता येते, हेही खरे नाही. एक्स्ट४ सारखी फाइलप्रणाली स्वतःला एकमेव मालक समजते, त्यामुळे दोघांनी एकदम लिहिल्यास मजकूर नासतो; प्रत्येकाला वेगळी प्रत द्यावी, अथवा फाइलींचा सामायिक व्यवहार सांभाळणारे एनएफएस वापरावे. वेगाबाबतची भीती मात्र निम्मीच खरी आहे: गिगाबिट जाळ्याची मर्यादा सेकंदाला १२५ मेगाबाइट असली तरी एकदा वाचलेला मजकूर स्मृतीत राहतो, आणि कोंडी होते ती वीस यंत्रे एकदम सुरू झाल्यावर.

तशी वेळ सह्याद्रीच्या पायथ्याशी पावसाळ्यात वीज जाऊन परत आली की सहज येते. खोपोलीच्या वीजगृहातून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली, तेव्हा सोयीबरोबर दूरच्या तारांवरचे अवलंबित्वही आले. नेटवर्क-बूटचेही तसेच आहे. वीज परतल्यावर साठा सज्ज होण्याआधीच सर्व्हर सुरू झाले, तर ते ठरावीक काळ वाट पाहून थांबतात. म्हणून साठा आणि स्विच दोन्ही यूपीएसवर असावेत, सर्व्हर उशिराने सुरू व्हावेत, आणि टीएफटीपी कोणाचीच ओळख विचारत नसल्याने हा सारा व्यवहार वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे स्विचमध्येच विभागलेल्या स्वतंत्र जाळ्यावर, ठेवावा.