उजवा हात वर करा!

आधी उजवा हात वर करा. वर्गात उत्तर येत असल्यासारखा नको. तळवा आपल्या तोंडाकडे, बोटं एकमेकांना चिकटलेली, अंगठा जरासा बाजूला. झालं? आता तुमच्या हातात अमेरिकेतलं मिशिगन राज्य आहे. खरंच. नकाशात बघा, अगदी हातमोज्यासारखं दिसतं.

माझी ताई तिथं डेट्रॉइटजवळ राहते. म्हणजे अंगठा मनगटाला मिळतो ना, त्याच्या आसपास. मी मागच्या उन्हाळ्यात गेले, तर विमानतळावरच माझा नऊ वर्षांचा भाचा स्वतःचा तळहात माझ्यासमोर नाचवत म्हणाला, "मावशी, आपण इथून निघणार, मग करंगळीवर जाणार, मग मधल्या बोटाच्या टोकाला!" मला वाटलं, पोरगा हात बघून भविष्य सांगायला शिकला की काय! पण तिथं सगळेच असं करतात. पेट्रोल पंपावरच्या काकांना रस्ता विचारला, तर त्यांनीही आधी हात वर केला.

हे झालं खालचं मिशिगन. वरचा भाग वेगळा आहे, मध्ये पाणी. तो दाखवायला डावा हात आडवा करून वर धरतात. या वरच्या भागाला तिथले लोक लाडानं 'यू.पी.' म्हणतात. "आम्ही सुट्टीत यू.पी.ला गेलो होतो," असं कुणी म्हणालं की माझ्या डोळ्यांपुढे लखनौच यायचं.

हा हातमोजा शिवला कुणी? बर्फानं. हिमयुगात या भागावर किलोमीटरहून जाड बर्फाचा थर होता. कळसूबाईच्या उंचीशी स्पर्धा करील असा. हा बर्फ जागच्या जागी बसून राहात नाही, फार सावकाश सरकतो आणि सरकताना खालची जमीन खरवडत नेतो. आई कढईला लागलेलं उलथन्यानं खरवडते ना, तसं. जिथं खडक मऊ होता तिथं मोठमोठे खड्डे पडले. मग बर्फ वितळला, खड्डे भरले आणि पाच प्रचंड सरोवरं तयार झाली. सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, इरी आणि ऑन्टॅरियो. त्यांतली पहिली चार मिशिगन राज्याला खेटून आहेत.

सरोवर म्हटल्यावर मी डोळ्यांसमोर आपला रंकाळा आणला होता. पहिल्या दिवशी मिशिगन सरोवराच्या काठावर उभी राहिले आणि गप्पच झाले. पलीकडचा काठ नाही! लाटा आहेत, पुळण आहे, वर सीगल ओरडतायत. सगळा थाट समुद्राचा. हे सरोवर काही ठिकाणी १९० किलोमीटर रुंद आहे, मग पलीकडचं दिसणार कसं? पृथ्वी गोल, मध्येच पाण्याचा फुगवटा येतो.

"मावशी, पिऊन बघ ना!" भाच्यानं डिवचलं. मी बोट बुडवून जिभेला लावलं. गोडं पाणी! एवढ्या लाटा आणि मीठ नाही, डोकं मानायलाच तयार होईना. दुसरी गंमत भरती-ओहोटीची. मुंबईच्या किनाऱ्यावर भरतीचं पाणी कितीतरी वर चढतं. इथं पाच सेंटिमीटरसुद्धा नाही. चंद्र ओढतो, पण त्याला ओढायला महासागर लागतो. एवढंसं सरोवर त्याच्या खिजगणतीत नाही.

एवढंसं म्हणतेय खरी, पण सगळ्यात मोठं ते सुपीरियर महाराष्ट्राच्या पावपटीहून मोठं आहे. सुमारे ८२ हजार चौरस किलोमीटर. त्यात शिरलेला थेंब बाहेर पडायला सरासरी १९० वर्षं घेतो. म्हणजे सावित्रीबाई फुले लहानग्या होत्या तेव्हा त्यात पडलेला पाऊस आत्ता कुठे बाहेर पडायला लागला असेल.

आता करंगळीकडे चला. तिच्या बाहेरच्या कडेला वाळूचे डोंगर आहेत, नाव 'स्लीपिंग बेअर', म्हणजे झोपलेलं अस्वल. इथल्या मूळच्या अनिशिनाबे लोकांची गोष्ट अशी, की सरोवरापलीकडच्या जंगलात वणवा लागला म्हणून एक अस्वलीण दोन पिल्लांना घेऊन पोहत निघाली. ती काठाला लागली. पिल्लं मागं राहिली, ती आलीच नाहीत. अस्वलीण वाट बघत काठावर पडून राहिली, तिच्यावर वाळू साचत गेली. तिची पिल्लं म्हणजे पाण्यातली दोन मॅनिटू बेटं. मी ही गोष्ट ऐकताना त्या बेटांकडे बघत होते, आणि खरं सांगते, गळा दाटून आला.

वाळू इतक्या उंचावर गेली कशी? बर्फानं जाताजाता दगडगोटे आणि वाळूचा मोठा ढीग काठावर टाकला. सरोवरावरून येणारा वारा त्या ढिगाच्या कड्यातली वाळू उचलतो आणि वर नेऊन टाकतो. म्हणून काही टेकड्या कड्याच्या डोक्यावर बसल्यात. एका ठिकाणी तर पाण्यापासून १३७ मीटर उंच सरळ वाळूची घसरगुंडी आहे. तिथं पाटी लावलीय की खाली जायला काही मिनिटं पुरतात, वर यायला दोन तास लागू शकतात. आम्ही शहाण्यासारखे दुसऱ्या, छोट्या टेकडीवर गेलो. तरी माझी जीभ बाहेर आली. एक पाऊल वर टाकावं, तर अर्धं पाऊल मागं!

हे का होतं, ते घरी बघता येईल. ताटात वाटीनं हळूहळू रवा ओता. (आईला विचारून. नाहीतर मला बोलणी बसतील.) ढीग वाढतो, पण एका मर्यादेपुढे त्याची बाजू उभी होत नाही, रवा घसरून खाली येतो. कोरड्या वाळूचंही तसंच. उतार साधारण ३०-३५ अंशांवर गेला की कण घसरतात. टेकडीची बाजू आधीच त्या काठावर टेकलेली असते, त्यात आपला पाय पडला की झालं.

आणि ते अस्वल? ज्या उंचवट्यावरून नाव पडलं तो १९०६ साली ७१ मीटर उंच होता. १९८० पर्यंत ३१ मीटर राहिला. ज्या वाऱ्यानं घडवला तोच आता पोखरतोय.

तिथून वर अनामिकेच्या टोकाशी पेटॉस्की गाव. इथं मोठी माणसंसुद्धा मान खाली घालून किनाऱ्यावर तासन्तास फिरतात. दगड शोधतात. पेटॉस्की दगड हा मिशिगनचा राज्यदगड आहे. हो, राज्यपक्षी असतो, राज्यफूल असतं, तसा दगड! १९६५ साली ठरवलाय. मीही शोधायला लागले. सगळे आपले करडे, साधे, रस्त्यावर पडलेले असावेत तसे. भाचा म्हणाला, "नाही गं, असं नाही. पाण्यात बुडव." बुडवला आणि त्या करड्या दगडावर षट्कोनच षट्कोन उमटले! मधमाश्यांचं पोळंच जणू, आणि प्रत्येक घराच्या मध्यावर एक काळा ठिपका.

ही खरोखर घरंच आहेत. ३५ कोटींहून जास्त वर्षांपूर्वी, डायनासोर यायच्याही आधी, मिशिगनची जमीन विषुववृत्ताजवळ होती आणि तिच्यावर उबदार, उथळ समुद्र होता. त्यात प्रवाळ राहायचे. एकेक षट्कोन म्हणजे एकेका चिमुकल्या जिवाची खोली, मधला ठिपका त्याच्या तोंडाची जागा. ते मेले, चिखलात गाडले गेले, दगड झाले. जमीन मात्र सरकत सरकत पार उत्तरेला, हिमवर्षावाच्या प्रदेशात येऊन पोचली.

पाण्यात बुडवल्यावरच नक्षी का दिसते? कोरड्या दगडावर बारीक ओरखडे असतात, उजेड त्यांच्यावर पडून वाटेल तिकडे उधळतो आणि सगळं फिकट दिसतं. पाणी ते ओरखडे भरून काढतं. अंगणातली शहाबादी फरशी धुतल्यावर एकदम गडद दिसते ना? तेच.

दगड किती घ्यायचे यालाही नियम आहे बरं. सरकारी जागेतून माणशी वर्षाला २५ पौंड, म्हणजे सुमारे ११ किलो. स्लीपिंग बेअरच्या संरक्षित किनाऱ्यावरून तर एकही नाही. एकदा एकाला तब्बल ४२ किलोचा पेटॉस्की सापडला. त्यानं घरी नेला, तर वनखातं दारात हजर! मी एकच घेतला, मुठीएवढा.

मधल्या बोटाच्या टोकाला पूल आहे. नाव लिहितात मॅकिनॅक, म्हणतात मॅकिनॉ. फ्रेंचांनी करून ठेवलेला घोळ. १९५७ साली खुला झालेला हा पूल आठ किलोमीटर लांब आहे आणि हातमोज्याला 'यू.पी.'शी जोडतो. यातली आतली मार्गिका जाळीची आहे! चाकाखाली लोखंडी चाळणी आणि तिच्यातून दिसणारं पाणी. गाडी त्यावर गेली की घूंऽऽ असा आवाज. ताई म्हणाली, "डोळे मिट हवं तर." जाळी मुद्दाम ठेवलीय. १९४० साली टॅकोमा इथला एक झुलता पूल वाऱ्यानं पिळवटून कोसळला होता. म्हणून इथं इंजिनिअर डेव्हिड स्टाइनमन यांनी वाऱ्याला अडवण्याऐवजी वाट करून दिली. जोराच्या वाऱ्यात पुलाचा मधला भाग हळूहळू दहा मीटरपर्यंत बाजूला सरकू शकतो. ज्यांना पूल ओलांडायची भीती वाटते, त्यांची गाडी पुलावरचे कर्मचारी चालवून पलीकडे सोडतात. हे मला पलीकडे गेल्यावर कळलं.

शेजारच्या मॅकिनॉ बेटावर १८९८ पासून मोटारींना बंदी आहे. घोडे आणि सायकली. बेटाला वळसा घालणारा महामार्गही सायकलवाल्यांचा. तिथं फज नावाची चॉकलेटची वडी फार मिळते. आम्ही फार खाल्ली. पुढे जाऊ.

'यू.पी.'मध्ये सू गावी बोटींची लिफ्ट आहे. सुपीरियर सरोवर ह्युरॉनपेक्षा उंचावर आहे, आणि मधल्या नदीत एका ठिकाणी पाणी साडेसहा मीटर खाली उतरतं. बोट जिना कसा उतरणार? म्हणून १८५५ साली तिथं पाण्याची दारं बांधली, पुढे ती मोठी होत गेली. आम्ही बघत होतो, तेव्हा लोहखनिज भरलेलं अजस्र जहाज आलं. सगळ्यांत मोठी जहाजं ३०० मीटरहून लांब असतात, अशी तीन ओळीनं लावली तर जवळजवळ किलोमीटर. ते एका लांबलचक हौदात शिरलं, मागचं दार बंद झालं. मग खालच्या झडपा उघडल्या आणि हौदातलं पाणी जाऊ लागलं. पाण्याबरोबर जहाज खाली, खाली, खाली. पलीकडच्या पाण्याशी पातळी जुळली, पुढचं दार उघडलं आणि स्वारी चालती झाली.

"पंप कुठंय?" मी विचारलं. भाच्यानं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जशी मी त्याच्याकडे पाढे चुकल्यावर बघते. पंप नाहीच! हौद भरताना वरच्या सरोवरातून पाणी उतारानं येतं, रिकामा होताना उतारानंच जातं. त्या अजस्र जहाजाला चढवतं-उतरवतं ते फक्त गुरुत्वाकर्षण.

टाक्वामेननचा धबधबा मात्र पहिल्यांदा मला घाणेरडा वाटला. पाणी तपकिरी, अगदी कोऱ्या चहासारखं. नंतर कळलं, आहेच तो चहा! वरच्या बाजूला सीडरच्या झाडांची दलदल आहे. पानं, साली पाण्यात भिजतात आणि त्यांतलं टॅनिन उतरतं. हिरडा चघळल्यावर तोंड आवळतं ना, ते याच टॅनिनमुळे. आणि याच 'यू.पी.'त किच-इटी-किपी नावाचा झरा आहे (भाचा हे नाव दिवसभर गात होता). तो इतका नितळ, की बारा मीटर खालच्या तळातली वाळू उकळत असल्यासारखी उसळताना दिसते. उकळत वगैरे नाही, पाणी चांगलं गार आहे, बाराही महिने सात अंश. खडकांच्या फटींतून मिनिटाला सुमारे ३८ हजार लिटर वर येतं. आपल्या सोसायटीत येणारे दहा हजार लिटरचे जवळजवळ चार टँकर, दर मिनिटाला! त्यावर दोराला बांधलेला तराफा आहे. चाक फिरवून आपणच ओढत न्यायचा.

शेवटी एक भूत. पॉल्डिंग गावाजवळ जंगलात अंधार पडला की लांबवर एक दिवा लुकलुकतो. १९६६ पासून लोक म्हणत होते, रेल्वेच्या मेलेल्या कामगाराचा कंदील आहे तो. २०१० साली मिशिगन टेक विद्यापीठातले विद्यार्थी दुर्बीण घेऊन तिथं बसले. दुर्बिणीतून काय दिसलं असेल? मोटारी! काही किलोमीटरवरच्या चढावरच्या महामार्गावरचे हेडलाइट. मग त्यांनी नुसता अंदाज करून सोडला नाही. त्यांच्यातलाच एक जण गाडी घेऊन तिकडे गेला आणि त्यानं ठरल्याप्रमाणे दिव्यांची उघडझाप केली. इकडे भुताचीही उघडझाप झाली. तरी लोक अजून बघायला जातात. आम्हीही गेलो. ते विद्यार्थी वगैरे सगळं माहीत असूनही भाचा माझा हात सोडत नव्हता, आणि मीही त्याचा.

पुण्याला परत आल्यावर माझा दगड मी कौतुकानं आईला दाखवला. ती म्हणाली, "एवढ्या लांबून धोंडा आणलास?" दुसऱ्या दिवशी दगड जागेवर नाही. शोधते तर स्वयंपाकघरात! मोड यायला ओल्या फडक्यात मटकी बांधून ठेवली होती, तिच्यावर वजन म्हणून. मी काही न बोलता दगड उचलून उलटा केला. ओल्या बाजूनं कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या त्या सगळ्या खोल्या लख्ख दिसत होत्या. आईनं चष्मा लावला, वाकून बघितलं, आणि म्हणाली, "अगंबाई! आणखी एक का नाही आणलास?"