बिऱ्हाड हलवताना

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गणपती जवळ आले होते आणि स्मरणिकेसाठी मला २०११ च्या उत्सवातला एक फोटो हवा होता. त्या वर्षी आई भारतातून आली होती आणि आपल्या मंडळाच्या गणपतीसाठी तिने दोनशेच्या वर उकडीचे मोदक वळले होते. आता आई नाही. पण फोटोची मला काळजी नव्हती. मंडळाचे सगळे फोटो एका मोठ्या कंपनीच्या संकेतस्थळावर, आपल्या मंडळाच्या पानावर होते. गेली कित्येक वर्षं आपण ते तिथेच टाकत आलो होतो.

पान उघडायला गेलो, तर पानच नाही! ते ज्यांच्या नावावर होतं, त्या माजी सेक्रेटरींचं खातं कंपनीने बंद केलं होतं. का, ते कळवलं नाही. आम्ही फॉर्म भरले, ईमेल पाठवले. उत्तरं यायची, पण ती यंत्राची. माणूस काही भेटेना.

"बाबा, तुम्ही सगळे दुसऱ्याच्या घरात राहत होतात," लेक म्हणाली. "तेही फुकट. मग घरमालक कशाला विचारतोय तुम्हाला?"

"बरं, मग दुसरीकडे पान काढू."

"म्हणजे दुसरा घरमालक!"

मग तिने मला मास्टोडॉनबद्दल सांगितलं. जर्मनीतल्या ऑयगेन रोख्को नावाच्या तरुणाने ते २०१६ साली सुरू केलं. तिथे एकच एक कंपनी आणि तिचे संगणक असा प्रकार नाही. कोणीही आपला सर्व्हर थाटावा, आपले नियम करावेत, आणि तरीही बाकीच्या सर्व्हरवरच्या लोकांशी बोलावं. माझ्या डोक्यात हे काही शिरेना. शेवटी ती म्हणाली, "आपल्या महाराष्ट्र मंडळांसारखं समजा."

आणि एकदम उजेड पडला! गावोगावच्या मंडळांची घटना वेगळी, कार्यकारिणी वेगळी, वर्गणी वेगळी (आणि भांडणंही वेगळी). १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं, तरी ज्याचा त्याचा कारभार ज्याच्या त्याच्या हातात राहिला. एका मंडळाचे अध्यक्ष बिनसले, तर माणूस शेजारच्या गावच्या दिवाळीला जातो. सगळी मंडळं एकदम कोणाला विकत घेता येत नाहीत. या सर्व्हरांनी आपसात बोलायचं कसं, त्याचे नियम 'ॲक्टिव्हिटीपब' या नावाने २०१८ साली जागतिक वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने मान्य केले. मास्टोडॉनवर जाहिराती नाहीत, आणि आपण निवडलेल्या माणसांचं लिखाण ओळीने, ज्या वेळी लिहिलं त्या क्रमाने दिसतं.

लोक तिकडे वळतात ते बहुधा घरमालकावर रागावून. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचं खातं ट्विटरने बंद केलं. एक कारण होतं एक जुना फोटो. नाझी सलाम ठोकणाऱ्या गर्दीत एकटा माणूस हाताची घडी घालून उभा आहे, तो. त्या वेळी कितीतरी भारतीय मास्टोडॉनवर गेले. मग ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरला ट्विटर विकत घेतलं, आणि महिन्याभराच्या आत मास्टोडॉन वापरणाऱ्यांची संख्या १० लाखांच्या वर गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्लूस्काय सर्वांना खुलं झालं, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तिथे २ कोटी खाती झाली. अर्थात ब्लूस्कायची रचना विकेंद्रित असली, तरी बहुतेकांचं सामान अजून त्या एका कंपनीकडेच आहे.

हे सगळं ऐकून मी उत्साहाने मंडळाचं बिऱ्हाड मास्टोडॉनवर हलवलं. आणि काय झालं? आलं कोण, तर बारा घरं! "तिकडे कोणीच नाही हो," असं प्रत्येक जण म्हणत होता, आणि प्रत्येक जण तसं म्हणत होता म्हणूनच तिकडे कोणी नव्हतं. आपण अमेरिकेत आलो तेव्हा दुसरं काय होतं? पहिल्या दिवाळीला आठ माणसं आणि एक डबा चिवडा.

दुसरी अडचण पैशांची आणि श्रमांची. असे बरेच सर्व्हर कोणीतरी हौसेने, पदरमोड करून चालवतो. त्याने हात टेकले की संपलं. मास्टोडॉन डॉट लोल नावाचा हजारो लोकांचा सर्व्हर होता. शिवीगाळ आणि त्रास यांना कंटाळून चालकाने २०२३ मध्ये तो बंद केला. त्याने तीन महिने आधी सांगितलं, म्हणून लोकांना दुसरीकडे जाता आलं. असं जाताना आपल्याला वाचणारी माणसं बरोबर नेता येतात, पण जुनं लिखाण नव्या जागी येत नाही. म्हणजे घर बदललं, पण माळ्यावरच्या ट्रंका तिथेच!

मग आईचा फोटो? तो सापडला, पण कुठल्याच सर्व्हरवर नाही. मी फोन फिरवायला लागलो तेव्हा एका वहिनींनी तळघरातला जुना संगणक चालू करून पाहिला. त्यात तो होता. आई अर्धीच दिसते, मोदकपात्राच्या वाफेआड, पण हसते आहे.

तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या, तेव्हा अभंग वाचले ते लोकांच्या तोंडी होते म्हणून, असंही आपल्याकडे सांगतात. एकाच ठिकाणी ठेवलेली वस्तू एका फटक्यात जाते. घरोघरी असलेली सहसा जात नाही. सर्व्हर कुठलाही निवडा, पण एक प्रत आपल्या घरी हवीच.

म्हणून कार्यकारिणीने तीन गोष्टी ठरवल्या आहेत. मंडळाचं कुठलंही खातं यापुढे एकाच माणसाच्या हाती राहणार नाही. फोटोंच्या आणि सभासदांच्या पत्त्यांच्या प्रती दोन वेगवेगळ्या घरी राहतील. आणि ज्या सर्व्हरवर आपलं नवं पान आहे, त्याला वर्गणीतून दरवर्षी थोडी रक्कम जाईल. घर फुकट नको, निदान त्यात आपली एक वीट असू दे.

तुमच्या तळघरातही एखादा जुना संगणक असेलच. येत्या वीकएंडला जरा सुरू करून बघा. कुणाची तरी आई त्यात असेल.