गर्भाशयमुखाचा कर्करोग : स्वतः घेतलेल्या नमुन्याची चाचणी

गर्भाशयमुखाचा कर्करोग वेळीच ओळखल्यास टाळता येतो. तरीही २०२२ साली भारतात सुमारे सव्वा लाख स्त्रियांना तो नव्याने झाला व सुमारे ऐंशी हजार स्त्रिया त्याने दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे.

या रोगाचे मूळ 'ह्यूमन पॅपिलोमा' या विषाणूत आहे. शरीरसंबंधातून त्याचा संसर्ग होतो. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. ज्यांच्या शरीरात तो टिकून राहतो, त्यांपैकी काहींना पुढे कर्करोग होतो. त्यास बहुधा पंधरा-वीस वर्षे लागतात. हाच अवधी उपचाराची संधी देतो.

बार्शीचा अनुभव

महाराष्ट्राने याबाबत जगाला मोलाचा पुरावा दिला आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या व वरील आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सहकार्याने १९९९ पासून तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूचाचणीच्या गटात ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ या कर्करोगाने मृत्यू पावल्या. नेहमीच्याच आरोग्यसेवेवर असलेल्या ३१,४८८ स्त्रियांच्या गटात ६४. एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले.

संकोचावर उपाय

त्या अभ्यासात नमुने प्रशिक्षित परिचारिकांनी घेतले होते. परंतु तपासणीच्या टेबलावर जाण्याचा संकोच अनेक स्त्रियांना चाचणीपासून दूर ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली स्त्रीने स्वतः घेतलेला नमुनाही ग्राह्य मानला. हात धुऊन मऊ ब्रश किंवा कापसाची काडी योनिमार्गात अलगद घालावयाची, सूचनेप्रमाणे फिरवावयाची व नळीत ठेवून द्यावयाची, एवढीच कृती. पाळीच्या दिवसांत नमुना घेऊ नये. पीसीआर पद्धतीने तपासल्यास असा नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याइतकाच विश्वसनीय ठरतो.

कणकवली तालुक्यासारख्या भागात या पद्धतीचे महत्त्व सहज ध्यानी येईल. वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या. घरधनी पुष्कळदा मुंबईस चाकरमानी. भातलावणीच्या दिवसांत बाईला घरून निघणे अशक्य. नमुन्याची नळी आशा सेविकेमार्फत घरी पोहोचली व परत आली, तर पहिली फेरी वाचेल.

नमुन्यानंतर

विषाणू आढळला म्हणजे कर्करोग झाला, असे नव्हे. तो अनेक वर्षे सुप्त राहू शकतो. म्हणून त्यावरून पती वा पत्नीच्या चारित्र्याविषयी कोणताही तर्क करणे सर्वथा चूक होय. अहवाल गुप्त राहिला पाहिजे. पुढील तपासणी मात्र रुग्णालयातच व्हावी लागते. सौम्य ॲसेटिक आम्ल लावून गर्भाशयमुख पाहतात व योग्य त्या रुग्णेचा दूषित भाग उष्णतेने नष्ट करतात. दोन पाळ्यांच्या मधे किंवा पाळी गेल्यावर रक्तस्राव होत असल्यास चाचणीची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

विषाणूचाचणीची सोय जेथे नाही, तेथे तीस वर्षांवरील स्त्रियांसाठी आम्ल लावून करावयाची तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट आहे. तिचा लाभ घ्यावा. पंचायत सदस्यांनी महिला ग्रामसभेत हा विषय काढावा, शिक्षिकांनी मातांच्या मेळाव्यात तो समजावून द्यावा. दोष आढळलेली प्रत्येक स्त्री कणकवलीच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचली की नाही, याची नोंद आरोग्य कर्मचाऱ्यांनी ठेवावी. नमुना घेऊन उपचार न झाल्यास त्या चाचणीचा उपयोग शून्य.