पिंपातील हेरिंग

उत्तर समुद्रात सापडणारा हेरिंग मासा आपल्याकडील तारलीचा नातलग होय. मे अखेरपासून जुलैच्या आरंभापर्यंत तो चरबीने भरलेला असतो. हॉलंडमध्ये कच्चा खाण्याचा हेरिंग याच दिवसांत खारवितात आणि त्यात निदान १६ टक्के चरबी असावी लागते. बोंबलात चरबी फार थोडी, म्हणून तो उन्हात वाळविता येतो. हेरिंग तसा उघड्यावर ठेवल्यास त्यातील तेल हवेने खवट होते. यास्तव तो मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवावा लागतो.

चौदाव्या शतकातील विलेम ब्यूकेल्स नावाच्या डच कोळ्यास या रीतीचे श्रेय परंपरेने दिले जाते. अर्थात असे शोध एकट्याचे क्वचितच असतात. मासा हाती येताच आखूड सुरीने गळ्याशी छेद देऊन कल्ले व आतड्याचा काही भाग काढतात. स्वादुपिंड मात्र जाणूनबुजून आत ठेवतात. सारी खुबी येथेच आहे. त्यातील पाचक रसांमुळे मांसातील प्रथिने हळूहळू विघटित होतात व न शिजविताही मांस मऊ आणि रुचकर बनते. पोट पूर्ण साफ केलेला मासा खारट होतो, पण तसा मुरत नाही.

मग मासे व मीठ यांचे थर लाकडी पिंपात रचतात. मीठ माशातील पाणी ओढून घेते व त्यातच विरघळून खारे पाणी तयार होते. दूरच्या बाजारासाठी पूर्वी मीठ भरपूर घालीत. असा मासा खाण्यापूर्वी पाण्यात भिजवावा लागे. सौम्य प्रकारात वीस भाग माशांस सुमारे एक भाग मीठ पुरते.

मीठ कमी झाले तेथे धोका वाढला. हेरिंगच्या आतड्यालगत ॲनिसाकिस या कृमीच्या अळ्या असतात. मासा साफ करण्यास विलंब झाल्यास त्या मांसात शिरतात व सौम्य खाऱ्या पाण्यात जिवंत राहतात. असा मासा कच्चा खाणाऱ्याच्या पोटात तीव्र कळा येतात. १९६० साली डच संशोधकांनी हे कारण दाखवून दिले आणि १९६८ पासून तेथे हेरिंग गोठविणे कायद्याने बंधनकारक झाले. उणे २० अंश सेल्सिअसला किमान २४ तास ठेवल्यास अळ्या मरतात. पाचक रसांचे कार्य मात्र पुढे चालू राहते.

हे थंड हवेतील काम आहे. कोकणातील उष्म्यात इतक्या थोड्या मिठात मासा मुरण्याऐवजी कुजेल. शिवाय बांगडा, तारली यांसारखे मासे उष्णतेत राहिल्यास त्यांत हिस्टामीन हे विषारी द्रव्य तयार होते व ते शिजवूनही जात नाही. म्हणून आपल्या किनाऱ्यावर मासा खारविताना मिठात काटकसर करू नये आणि खारविलेला मासा शिजविल्यावाचून खाऊ नये.