स्फटिकाच्या आत (भाग ६) : पेनिसिलिनमधला चौकोन

१९४३ साल संपत आलं तेव्हा ऑक्सफर्डमध्ये एकाच औषधाच्या रेणूची दोन सूत्रं मांडली गेली होती, आणि दोन्ही बाजूंना नावाजलेले रसायनशास्त्रज्ञ होते. औषध होतं पेनिसिलिन. महायुद्ध चालू होतं, जखमी सैनिकांना ते हवं होतं आणि बुरशीकडून ते मिळायचं अगदी थोडं. रेणूची रचना कळली तर बुरशीच्या मागे न लागता ते कारखान्यात तयार करता येईल, या आशेनं ब्रिटन आणि अमेरिकेतल्या अनेक प्रयोगशाळा गुप्तपणे या कामाला लागल्या होत्या.

रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या सूत्रात पाच-पाच अणूंची दोन वलयं होती आणि ती एका बंधानं एकमेकांना जोडलेली होती. एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांचं म्हणणं वेगळं होतं. त्यांच्या मते गंधक असलेल्या पाच अणूंच्या वलयाला चार अणूंचं एक छोटं वलय थेट चिकटलेलं होतं : तीन कार्बन, एक नायट्रोजन. या चौकोनाला बीटा-लॅक्टॅम म्हणतात. तोवर कोणत्याही नैसर्गिक पदार्थात असं वलय सापडलेलं नव्हतं. हे सूत्र खरं निघालं तर मी रसायनशास्त्र सोडून अळंबी पिकवीन, असं रॉबिन्सन यांचे तरुण सहकारी जॉन कॉर्नफर्थ म्हणाल्याचं सांगतात. हे कॉर्नफर्थ काही साधे गृहस्थ नव्हते. पुढे १९७५मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

अणू तेच, त्यांची संख्याही तीच. कोणत्या अणूनं कोणाला धरलंय, एवढ्यावरच वाद. तो मिटत नव्हता याचं कारण पेनिसिलिनच्या नाजूकपणात होतं. रेणूची रचना शोधण्याची रसायनशास्त्राची जुनी रीत म्हणजे रेणू फोडायचा, तुकडे ओळखायचे आणि तुकड्यांवरून मूळ रूप जुळवायचं. पेनिसिलिन फुटायला आम्ल चालतं, अल्कली चालते, उष्णताही चालते. पण फुटताना त्यातले अणू जागा बदलतात, नवे बंध जुळतात, आणि हाती येणारे तुकडे दोन्ही सूत्रांमधून निघू शकतील असेच असतात. आता रेणू न फोडता आत पाहणं एवढाच मार्ग उरला होता.

हे काम डोरोथी क्रोफुट हॉजकिन यांच्याकडे आलं. १९१०मध्ये कैरोत जन्मलेल्या डोरोथींनी केंब्रिजला जे. डी. बर्नाल यांच्याबरोबर १९३४ साली पेप्सिन या प्रथिनाच्या स्फटिकाचे क्ष-किरण फोटो घेतले होते. प्रथिनाच्या स्फटिकाचे असे नीट फोटो मिळण्याची ती पहिलीच वेळ. मग त्या ऑक्सफर्डला परतल्या. ऐन पंचविशीच्या आसपास संधिवातानं त्यांच्या हातांची बोटं वाकायला लागली. क्ष-किरण यंत्राची कळ दाबता यावी म्हणून त्यांनी तिला लांब दांडा बसवून घेतला होता. विद्यापीठाच्या संग्रहालयाच्या इमारतीत त्यांना जागा मिळाली होती. तिथला सूक्ष्मदर्शक वरच्या माळ्यावर खिडकीशी, आणि वर जायला शिडी. एका हातात स्फटिक सांभाळत त्या शिडी चढायच्या. मला त्यांच्या कर्तृत्वाचा विचार करताना त्यांना पुढे मिळालेल्या नोबेलच्या आधी ही शिडी आठवते. जे स्फटिक त्या वर नेत होत्या, ते मिळवायलाच तीन वर्षं लागली होती.

१९४०मध्ये चेन यांनी रस्त्यात भेटून त्यांना सांगितलं होतं की एक दिवस तुम्हाला पेनिसिलिनचे स्फटिक देऊ. पण ऑक्सफर्डमध्ये तयार होणाऱ्या पेनिसिलिनचे स्फटिक बनेनात. १९४३मध्ये अमेरिकेतल्या स्क्विब कंपनीच्या रसायनज्ञांनी पेनिसिलिनचा सोडियम क्षार स्फटिकरूपात मिळवला. त्यांना ते जमलं, कारण त्यांचं पेनिसिलिन थोडं निराळं होतं. अमेरिकेत बुरशी मक्याच्या अर्कावर वाढवत, त्यामुळे रेणूची शेपटी वेगळी तयार होई. ऑक्सफर्डच्या पेनिसिलिनची शेपटी दुसरी. मधला गाभा मात्र दोन्हींत एकच होता आणि सगळा वाद त्या गाभ्याचाच होता.

स्फटिकाशिवाय या कामाचं पान का हलत नाही, हे एकदा नीट पाहू. दोन शेजारी कार्बन अणूंमधलं अंतर साधारण १.५४ अँगस्ट्रॉम असतं. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या लाटेची लांबी ४००० ते ७००० अँगस्ट्रॉम. एवढ्या लांब लाटेला अणू जाणवतच नाही. तांब्यावर इलेक्ट्रॉन आदळवून मिळणाऱ्या क्ष-किरणांची लांबी मात्र नेमकी १.५४ अँगस्ट्रॉमच्या घरात असते, म्हणजे अणूंमधल्या अंतराएवढीच. पण एकट्या रेणूवरून विखुरलेले किरण इतके क्षीण असतात की फिल्मवर काहीच उमटत नाही. स्फटिकाच्या एका कणात लक्षावधी अब्ज रेणू एकाच शिस्तीत बसलेले असतात. ते सगळे ठरावीक दिशांना मिळून किरण फेकतात, आणि त्या दिशांना फिल्मवर काळे ठिपके येतात.

प्रत्यक्ष काम कसं होतं? दिसेल न दिसेल असा एक स्फटिक काचेच्या तंतूच्या टोकाला चिकटवायचा. तो किरणांच्या वाटेत बरोबर मध्ये येतोय ना, हे पाहायचं. काळ्या कागदात गुंडाळलेली फिल्म भोवती लावायची, आणि स्फटिक हळूहळू पुढे-मागे फिरत असताना तासन् तास किरण सोडायचे. फिल्म धुतली की तिच्यावर ठिपक्यांच्या रांगा दिसतात. काही गडद, काही फिकट, काही जेमतेम. कोणता ठिपका किती गडद हे त्या काळी डोळ्यांनीच ठरवत. ठरावीक गडदपणाच्या ठिपक्यांची एक पट्टी शेजारी धरायची, प्रत्येक ठिपका तिच्याशी ताडून पाहायचा आणि आकडा वहीत लिहायचा. असे शेकडो ठिपके.

ही फिल्म म्हणजे रेणूचा फोटो नव्हे. हे पुन्हा पुन्हा सांगायला हवं, कारण क्ष-किरण म्हटलं की हाडांची फिल्म डोळ्यांसमोर येते. इथे कोणताच ठिपका कोणत्याही एका अणूचा नसतो. प्रत्येक ठिपक्यात सगळ्या अणूंचा वाटा असतो, आणि तो वाटा उलगडायला दोन गोष्टी लागतात : त्या दिशेला गेलेली लाट किती जोराची होती, आणि ती इतर लाटांच्या मानानं किती पुढे किंवा मागे होती. दुसऱ्या गोष्टीला लाटेची कला म्हणतात. ठिपक्याचा गडदपणा फक्त जोर सांगतो. कला फिल्मवर उमटतच नाही. दिंडीतला प्रत्येक टाळ किती जोरात वाजला याची नोंद हाती यावी, पण तो ठेक्याच्या कोणत्या क्षणी पडला हे कुठेच लिहिलेलं नसावं, तशी ही अवस्था. तेवढ्यावरून भजन पुन्हा उभं करायचं!

या विद्येतलं सगळं कौशल्य हरवलेली कला परत मिळवण्यात आहे. हॉजकिन आणि त्यांची विद्यार्थिनी बार्बरा लो यांनी जड अणूंचा आधार घेतला. क्ष-किरण विखुरतात ते इलेक्ट्रॉनांमुळे. कार्बनकडे ६ इलेक्ट्रॉन, गंधकाकडे १६, पोटॅशियमकडे १९, रुबिडियमकडे ३७. हायड्रोजनकडे एकच, म्हणून तो तेव्हा दिसतच नसे. पेनिसिलिनचा पोटॅशियम क्षार आणि रुबिडियम क्षार यांचे स्फटिक अगदी सारखे बनतात. सगळे अणू जवळपास त्याच जागी, फक्त पोटॅशियमच्या जागी रुबिडियम. त्यामुळे दोन्ही स्फटिकांचे ठिपके एकास एक ताडून पाहता येतात.

आता एक ठिपका घ्या. पोटॅशियम काढून तिथे रुबिडियम बसवलं, म्हणजे त्या जागेवरून येणारी लाट जोरदार झाली. ठिपका आणखी गडद झाला तर उरलेल्या रेणूची लाट जड अणूच्या लाटेच्या बाजूची आहे, म्हणजे तिचं चिन्ह तेच. उलट ठिपका फिकट झाला तर रेणूची लाट विरुद्ध आहे. जड अणू कुठे बसलाय हे आधी कळलेलं असलं, की त्याच्या लाटेचं चिन्ह काढता येतं आणि त्यावरून रेणूचं. स्फटिकाकडे ठरावीक बाजूंनी पाहिलं तर कलेचा प्रश्न असा अधिक की उणे एवढ्यावर येतो. अर्थात ज्या ठिपक्यांमध्ये जड अणूचा वाटा थोडा, तिथे ही युक्ती मुकी राहते. काही चिन्हं मिळतात, काही अडतात, आणि हाती येतो धूसर नकाशा.

सोडियम क्षाराचे स्फटिक वेगळ्या मांडणीचे होते. त्यांच्यावर नॉर्थविचला आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत चार्ल्स बन आणि अ‍ॅन टर्नर-जोन्स काम करत होते. त्यांची पद्धत दुसरी होती : रेणूचा एक आकार धरून चालायचा, त्याचे ठिपके कसे येतील ते प्रकाशाच्या साहाय्यानं पाहायचं, आणि खऱ्या ठिपक्यांशी जुळेपर्यंत आकार बदलत राहायचा. ऑक्सफर्डचा नकाशा आणि नॉर्थविचचा नकाशा शेजारी ठेवले तेव्हा काही भाग दोन्हींत सारखे निघाले. वेगवेगळ्या स्फटिकांवरून, वेगवेगळ्या वाटेनं आलेल्या दोन धूसर नकाशांत जे सारखं दिसतं ते बहुधा खरं असतं. तिथून धागा हाती आला.

मग हिशेब. नकाशातल्या एका बिंदूवर इलेक्ट्रॉनांची दाटी किती, हे काढायला सगळ्या ठिपक्यांच्या लाटांची त्या बिंदूपुरती बेरीज करावी लागते. दुसऱ्या बिंदूसाठी पुन्हा सगळी बेरीज. असे हजारो बिंदू. यासाठी बीव्हर्स आणि लिप्सन या दोघांनी १९३०च्या दशकात पुठ्ठ्याच्या पट्ट्या काढल्या होत्या. प्रत्येक पट्टीवर एका लाटेच्या उंचीचे आकडे ओळीनं छापलेले, आणि सगळ्या पट्ट्या लाकडी पेट्यांत क्रमानं लावलेल्या. हव्या त्या पट्ट्या काढायच्या, एकाखाली एक मांडायच्या, उभी बेरीज करायची, पट्ट्या परत जागेवर ठेवायच्या. एक पट्टी चुकीच्या खाचेत गेली की पुढचा सगळा हिशेब नासला. पेनिसिलिनच्या शेवटच्या टप्प्यात मात्र हे ओझं हातांना पेलण्यापलीकडे गेलं आणि छिद्रांच्या कार्डांवर चालणारी हिशेबाची यंत्रं वापरली गेली.

नकाशा सुधारण्याची रीत अशी : दाटी दिसते तिथे अणू धरायचे, त्या अणूंवरून ठिपके किती गडद यायला हवेत ते काढायचं, मोजलेल्या ठिपक्यांशी ताडायचं, कलांचा अंदाज सुधारायचा आणि पुन्हा नकाशा. अणू चुकीच्या जागी धरला असेल तर हिशेब कुठे ना कुठे अडतो. संशोधकाला आवडलेल्या सूत्राचा इथे पाड लागत नाही, आणि म्हणूनच या पद्धतीवर माझा जीव आहे. रॉबिन्सन यांचा दबदबा केवढा होता हे लक्षात घेतलं, तर अशा तटस्थ साक्षीदाराचं मोल कळेल.

शेवटी पारदर्शक पत्र्यांवर दाटीच्या रेषा काढून ते पत्रे एकावर एक रचले. आरपार पाहिलं की रेषांची वर्तुळं जिथे दाट होतात तिथे अणू. हायड्रोजन आणि धातू सोडले तर एकूण २३ अणू : १६ कार्बन, ४ ऑक्सिजन, २ नायट्रोजन आणि एक गंधक. रेणू ताठ पसरलेला नव्हता, वळलेला होता. आणि गंधकाच्या वलयाला लागून, एक बाजू सामाईक असलेला, तो चौकोन स्पष्ट दिसत होता. १९४५च्या उन्हाळ्यापर्यंत वाद संपला. युद्धकाळातल्या गुप्ततेमुळे सविस्तर वृत्तांत छापून यायला १९४९ उजाडलं.

या चौकोनातच पेनिसिलिनचा सगळा प्रताप आहे. कार्बनभोवतीचे बंध एरवी ११० ते १२० अंशांवर सुखानं राहतात. इथे ते ९० अंशांच्या आसपास दाबलेले आहेत. त्यात दोन वलयं सामाईक बाजूवर दुमडलेली असल्यामुळे नायट्रोजनला त्याचे तीन बंध एका पातळीत आणता येत नाहीत. साध्या अमाइड बंधाला जी स्थिरता मिळते ती यामुळे इथे मिळत नाही. वलय उघडायला टपलेलं असतं. जिवाणू आपली भिंत बांधताना जे विकर वापरतात, त्याच्या कामाच्या जागी पेनिसिलिन शिरतं, तिथे चौकोन उघडतो आणि रेणू विकराला कायमचा चिकटून बसतो. भिंत अर्धवट राहते, जिवाणू फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंतच नाही, म्हणून या औषधाचा घाव जिवाणूवर पडतो. जिवाणूंचं उत्तरही याच जागी येतं : पेनिसिलिनेज नावाचं विकर हा चौकोन आधीच उघडून टाकतं. ते विकर अब्राहम आणि चेन यांनी १९४०मध्येच नोंदवलं होतं, रचना कळायच्या कितीतरी आधी.

कारखान्यात रसायनांपासून पेनिसिलिन बनवायची युद्धकाळातली आशा मात्र फळली नाही. जॉन शीहान यांनी ते प्रयोगशाळेत घडवलं १९५७मध्ये, आणि तोवर मोठमोठ्या टाक्यांत बुरशी वाढवणं कितीतरी स्वस्त झालं होतं. पिंपरीला १९५४मध्ये उभी राहिलेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, म्हणजे पुणेकरांची ‘एच. ए.’ कंपनी, हीसुद्धा बुरशीच्याच वाटेनं पेनिसिलिन बनवू लागली. रचनेच्या ज्ञानाचा उपयोग दुसरीकडे झाला. गाभा राखून शेपटी बदलायची हे कळल्यामुळे अ‍ॅम्पिसिलिन आणि अ‍ॅमॉक्सिसिलिन आली. आज डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अ‍ॅमॉक्सिसिलिनच्या जोडीनं क्लॅव्हुलॅनिक आम्ल लिहिलेलं दिसतं. त्याच्यातही बीटा-लॅक्टॅमचा चौकोन आहे. तो जिवाणूच्या विकराला स्वतःवर ओढून घेतो आणि अ‍ॅमॉक्सिसिलिनला वाट मोकळी करून देतो.

पेनिसिलिनमध्ये जड अणू बाहेरून आणून बसवावा लागला. पुढच्या आठवड्यात ज्या रेणूकडे वळायचं आहे त्यात कोबाल्ट निसर्गानंच ठेवलेला आहे. जीवनसत्त्व बी-१२चे लाल स्फटिक १९४८मध्ये हॉजकिन यांच्या हाती आले, आणि त्यांच्या आत काय असेल याचं पुरं सूत्रदेखील तेव्हा रसायनज्ञांकडे नव्हतं.