डॉक्टर, मी नुकताच बाहेरून आलोय!

दिवाळीच्या सुट्टीत माझा चुलतभाऊ मस्कतहून घरी आला. चौथ्या दिवशी खोकला आणि अंगात कणकण. नाक्यावरच्या डॉक्टरांनी ‘थंड काही खाल्लंस का?’ एवढंच विचारलं, गोळ्या दिल्या, विषय संपला. परदेशातून आलास का, हे त्यांनी विचारलं नाही आणि दादानंही सांगितलं नाही. तीन दिवसांत ताप उतरला. पण मर्सबद्दल वाचायला बसले आणि तो प्रसंग काही डोक्यातून जाईना.

मर्स म्हणजे कोरोनाच्याच कुळातला एक विषाणू. २०१२ मध्ये सौदी अरेबियात तो पहिल्यांदा सापडला. उंटांकडून माणसात येतो. नोंद झालेल्या रुग्णांपैकी साधारण ३५ टक्के दगावलेत. लस अजून नाही.

आता दक्षिण कोरियातल्या दोन गोष्टी ऐका.

४ मे २०१५. आखाती देशांत फिरून ६८ वर्षांचे एक गृहस्थ घरी परतले. आठवड्यानं आजारी पडले. एकामागून एक दवाखाने झाले, पण मर्सचं निदान व्हायला २० मे उजाडला. तोवर शेजारच्या खाटेवरचे रुग्ण, भेटायला आलेले नातेवाईक, कर्मचारी यांना लागण होऊन गेली होती. साखळी वाढतच गेली. शेवटचा हिशेब : १८६ रुग्ण, ३८ मृत्यू. सुरुवात एका प्रवाशापासून!

सप्टेंबर २०१८. कुवेतहून परतलेले आणखी एक गृहस्थ. विमानतळावर ताप नव्हता, त्यामुळे तपासणीतून सहज बाहेर पडले. पण घरी न जाता त्यांनी थेट हॉस्पिटल गाठलं. ते कुठून आलेत हे हॉस्पिटलला आधीच कळलं होतं, म्हणून त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलं. त्यांच्या संपर्कात आलेल्यांवर लक्ष ठेवलं गेलं. त्यांच्याकडून एकालाही लागण झाली नाही.

देश तोच, विषाणूही तोच. २०१५ च्या धड्यानंतर यंत्रणा शहाणी झाली होती, हे खरं. पण कॅमेऱ्यानं जे टिपलं नाही, ते एका माणसानं वेळेत सांगितलं, हेही तितकंच खरं.

कॅमेरा का चुकतो? लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत २ ते १४ दिवस जातात. म्हणजे विमानातून उतरताना तुम्ही ठणठणीत असू शकता. खरी पाळत त्यानंतरच्या दोन आठवड्यांत असते आणि ती ठेवायची असते आपणच.

तर मग काय करायचं?

* आखातातून आल्यावर १४ दिवसांत ताप, खोकला किंवा धाप लागली, तर डॉक्टरांना आधी फोन करा. मास्क लावून जा.
* पहिलं वाक्य : ‘मी अमुक देशातून अमुक तारखेला आलोय.’ डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका.
* डेझर्ट सफारीत उंटाला हात लावलात, तर साबणानं धुवा. उंटाचं कच्चं दूध नकोच.

आणि एक. मार्च २०२० मध्ये आपल्याकडे परदेशातून आलेल्यांच्या हातावर शिक्के मारले होते, आठवतंय? शिक्का दिसला की लोक चार हात लांब पळायचे. बोटं रोखली की माणूस प्रवास लपवतो आणि लपवलेला प्रवास सगळ्यांनाच महागात पडतो. तेव्हा हॉस्टेलवर कुणी परदेशातून आलं, तर खजूर खुशाल मागा. सोबत ‘बरा आहेस ना रे?’ हेही विचारा.

मी दादाला आता विचारलं, तेव्हा सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, ‘अगं, कुणी विचारलंच नाही!’